टाकीला दिलेला डाग

मळीचा वास पाहुणचार संपला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा असतो. माघ सरत आला होता, उन्हाला अजून धार चढलेली नव्हती, आणि साताऱ्यातल्या आमच्या घरामागच्या अंगणात, जांभळाच्या सावलीत, एका निळ्या पिंपामध्ये मोटारसायकलची पेट्रोलची टाकी मळीत बुडून पडली होती. उसातली साखर काढून झाल्यावर कारखान्यात जी काळी, दाट, आंबूस-गोड मळी उरते तिच्यात पाणी कालवून गंजके लोखंड ठेवले, की काही दिवसांत गंज आपण होऊन सुटतो आणि आतला करडा, स्वच्छ पत्रा पुन्हा उजेडात येतो. ही युक्ती मला दाजींनी शिकवली होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. पिंपातली टाकीही त्यांच्याच गाडीची होती. दाजी स्वतः मात्र गेल्या पावसाळ्यात गेले.

"मुंग्या रांगेने यायला लागल्यात, आता माणसं यायची बंद होतील," असे आमच्या सौभाग्यवती मागच्या दारातून रोज एकदा बजावत. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सरकारी कचेरीत धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात हयात गेलेल्या माणसाने निवृत्तीनंतर एखादी बाग फुलवावी, नातवंडांना श्लोक शिकवावेत; मी मात्र लोकांनी टाकून दिलेल्या मोटारसायकली घरी आणून त्यांच्या हाडांत पुन्हा जीव भरण्याचा नाद लावून घेतला आहे. स्वयंपाकघरात भाजी करपली तर मला पत्ता लागत नाही, आणि अंगणात पितळ जरा जास्त तापले तर मी झोपेतून उठून येतो. हा टोमणाही सौभाग्यवतींचाच आहे आणि तोही खोटा नाही.

या सगळ्या उद्योगात मला मनापासून आवडते ते चांदीने जोड भरण्याचे काम. वेल्डिंगच्या प्रखर ठिणगीत दोन्ही तुकडे वितळून एक होतात आणि कोणता कुठला हे पुढे सांगता येत नाही. चांदीच्या जोडात दोन्ही धातू नुसते लालसर तापतात, आपापले रूप सांभाळून जवळजवळ राहतात, आणि वितळण्याचे सगळे कष्ट मधली चांदी सोसते. जोडावर लावलेला टाकणखाराचा पांढरा लेप आधी फुगतो, मग खाली बसतो, मग पाण्यासारखा नितळ होतो. त्या क्षणी चांदीची कांडी टेकवली की चांदी झळकन पसरते आणि उष्णतेच्या मागोमाग कागदाएवढ्या फटीत शिरून दिसेनाशी होते. ज्योत कांडीवर धरायची नसते, जोडावर धरायची असते. आणि जोड आधी निर्मळ हवा. तेलकट बोटाचा ठसा जरी राहिला तरी चांदी गोळा होऊन बाजूला रुसून बसते. फ्रीज दुरुस्त करणाऱ्यांचे सामान विकणारे एक दुकान कराडजवळ मलकापुरात आहे. तिथून या कांड्या आणताना मला सोनाराच्या पेढीवरून निघाल्यासारखे वाटते.

आमच्या मुलखात या कामाला 'डाग देणे' म्हणतात. घागर गळू लागली की तिला डाग द्यायचा, पातेल्याचा कान सुटला की त्याला डाग द्यायचा. 'डागडुजी' या शब्दाच्या पोटात मला तरी तोच डाग दिसतो. पण या एवढ्याशा शब्दात आणखीही बिऱ्हाडे राहतात. धोतरावर पडतो तो डाग, चारित्र्याला लागतो तोही डाग, आणि खेड्यातल्या बायकांच्या तोंडी अंगावरचा दागिनाही डागच. 'लेकीच्या अंगावर चार डाग घातले' असे एखादी बाई कौतुकाने सांगते तेव्हा शहरातून आलेली सून दचकून पाहते. मला या शब्दाची नेहमी गंमत वाटत आली होती. आता वाटत नाही.

आम्ही मूळचे रहिमतपूरचे आणि आक्काला दिलेली कडेगावला. दाजी तोफखान्यात होते. तोफांच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान बरेचसे निकामी झालेले, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना निम्मे शब्द वाऱ्यावर जात आणि उरलेल्या निम्म्यांतून दाजी आपला अर्थ जुळवून घेत. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी एक जुनी, जड, धडधडणारी गाडी घेतली आणि उसाच्या पट्ट्यातून पाणी पाजायला, बाजाराला, सोसायटीत, सगळीकडे ते तिच्यावरूनच जात. ती गाडी आक्काच्या डोळ्यांत खुपायची. आम्हांला वाटे, नवऱ्याच्या छंदावर बायका रागावतातच, तसा हा राग असेल. दाजी गेल्यावर वर्षश्राद्धाचीही वाट न बघता ती मला म्हणाली, "ने बाबा ती तुझ्याकडं. मला दारात नको." मी टेम्पो ठरवून गाडी साताऱ्याला आणली.

आता मासोळ्यांची गोष्ट सांगायला हवी. आमची आई अहेवपणी गेली. तिच्या पायांतल्या चांदीच्या मासोळ्या, म्हणजे बोटांत घालायची माशाच्या आकाराची जोडवी, आक्काकडे आल्या. सवाष्ण गेलेल्या आईच्या पायांतली चांदी म्हणून आक्काला त्यांचे सोन्याहून मोल. रहिमतपूरच्या सोनाराने ते मासे घडवताना शेपटीला दोनाऐवजी तीन पाती काढली होती, आणि लहानपणी आईच्या पायांशी लोळताना मी ती पाती बोटाने मोजत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी, कडेगावच्या जत्रेच्या सुमारास, त्या मासोळ्या आक्काच्या घरातून नाहीशा झाल्या. जत्रेच्या जेवणाला आम्ही सगळे होतो. भर पंगतीत आक्काने वाढता वाढता दाजींना विचारले, "आवं, माझा डाग कुठं हाय?" आणि दाजी घास थांबवून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा त्यांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "टाकीला दिला की! आता थेंबभर गळत न्हाई." पंगत फुटली. बायको दागिना विचारते आणि बहिरा नवरा पेट्रोलच्या टाकीला दिलेल्या डागाचे सांगतो, यापेक्षा मोठा विनोद जत्रेत दुसरा कोणता होणार? पुढे कितीतरी लग्नांत, बारशांत तो किस्सा रंगवून सांगितला गेला. आक्का तेवढी हसली नव्हती. हातातले वाढप खाली ठेवून ती आत गेली होती.

त्यानंतर काही महिन्यांत अंगणात भिंत उठली. दाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचे घर एक, अंगण एक. धाकटे भाऊ पुण्याला कामाला, सणावारी येणारे. त्यांची बायको शालन कडेगावातच. मासोळ्या शालननेच घेतल्या असा आक्काचा संशय आहे, एवढे आमच्या कानांवर आले. सिमेंटच्या ठोकळ्यांची ती भिंत अंगणाच्या मधोमध, तुळशीला वळसा घालून गेली, आणि दोन्ही जावांचे बोलणे त्या दिवसापासून बंद झाले. घरोघरी असे होतच असते म्हणून आम्ही सोडून दिले. दाजींना मात्र ते कोडे शेवटपर्यंत सुटले नाही. "भिंत कशाला पायजे हुती गड्या?" असे ते मला दर खेपेला विचारत, आणि मी त्यांच्या कानाशी ओरडून काहीतरी गुळमुळीत उत्तर देत असे.

त्या दिवशी दुपारी टाकी पिंपातून काढली, साबणाच्या पाण्याने, मग साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतली. पेट्रोलची टाकी तापवायची म्हणजे आतल्या उरल्यासुरल्या वाफेची धास्ती असते. म्हणून झाकण घट्ट लावून ती उपडी केली, पेट्रोलच्या नळीसाठी बुडाला जे भोक असते त्यातून पाणी भरले आणि वर बोटभरच मोकळी जागा ठेवली. त्या भोकाशेजारी बंद्या रुपयाएवढा एक जुना डाग होता, दाजींच्या हातचा, रंगाच्या आणि काजळीच्या पापुद्र्यांखाली काळवंडलेला. त्याच्या कडेने बारीक तडा गेला होता आणि गळती तिथूनच होती. मी कानस फिरवली, टाकणखार लावला, बर्नर पेटवला. जांभळाच्या पानांतून गळणाऱ्या उन्हात ज्योत दिसत नव्हती, तिची फक्त फुरफुर ऐकू येत होती. अंगणभर करपलेल्या गुळासारखा वास सुटला, कारण कुठेतरी सांध्यात मळी राहून गेली असणार. खार फुगला, बसला, नितळ झाला. मी कांडी पुढे केली आणि हात जागच्या जागी थिजला.

डाग पितळी असेल अशी माझी अपेक्षा होती. वितळू लागलेला धातू पांढरा होता, चंदेरी, आणि त्याच्या एका कडेला, काचेसारख्या झालेल्या खाराखालून, एक डोळा माझ्याकडे पाहत होता. गोल, टोच्याने उठवलेला डोळा. त्याच्या मागे खवल्यांच्या रेषा, आणि त्यांच्या टोकाला, लाल पत्र्याला चिकटून बसलेली शेपटीची तीन पाती. पोटाकडचा भाग केव्हाच वितळून पत्र्यात जिरला होता. आणखी दोन श्वास ज्योत तिथे राहिली असती तर तो मासा माझ्या डोळ्यांदेखत पाणी होऊन तड्यात शिरला असता, टाकी पक्की झाली असती आणि मला काही दिसले होते याचा पुरावा जगात उरला नसता. मी बर्नर बाजूला घेतला. इतका झटक्याने, की ज्योतीने माझ्या धोतराचा काठ चाटला आणि मला ते नंतर वासावरून कळले.

जांभळाच्या बुंध्याला टेकून किती वेळ बसलो, सौभाग्यवतींनी चहा आणून ठेवला तो केव्हा निवला, काही कळले नाही. आधी आला तो संताप, आणि तोही एका गेलेल्या माणसावर. बायकोच्या आईची चांदी या गृहस्थाने आपल्या गाडीत वितळवली, धाकट्या भावाच्या बायकोवर आळ आला तो उघड्या डोळ्यांनी पाहिला, आणि वर मला विचारत राहिला की भिंत कशाला? इतक्या निर्मळ हसण्याच्या मागे इतका पाताळयंत्री माणूस दडलेला होता? आणि मग, संताप ओसरत असतानाच, पंगतीतला तो खणखणीत आवाज माझ्या कानात पुन्हा घुमला. टाकीला दिला की! दाजींनी काहीच लपवले नव्हते. विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिले होते, आणि पंगतभर माणसे पोट धरून हसली होती, त्यांत मीही होतो.

"फोटो काढून पाठवा की आक्कांना," सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांना मी सगळे सांगितले होते आणि त्यांचाही चेहरा उतरला होता. पण बहिणीच्या संसारातली अशी गोष्ट फोनवर पाठवायची नसते. दुसऱ्या दिवशी मी टाकी पोत्यात गुंडाळली, बर्नर आणि कांड्या पिशवीत टाकल्या आणि कडेगावची वाट धरली. रस्ताभर उसाने लादलेले ट्रॅक्टर डुलत चालले होते. शेतांतून पाचट पेटवलेल्याचा धूर तिरपा उठत होता आणि त्याची काळी पिसे मोटारीच्या काचेवर येऊन बसत होती. अख्ख्या वाटेवर मी एकच प्रश्न घोळवत होतो. हे दाखवून मी आक्काचा नवरा तिच्यापासून काढून घेणार आहे, की तिला परत देणार आहे?

आक्का ओट्यावर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पोते पाहताच तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही कशाला आनलीस परत? दारात नको म्हनले हुते न्हवं मी?"

मी टाकी उपडी करून तिच्यापुढे ठेवली आणि बोटाने जागा दाखवली. तिने चष्मा पुसला, वाकून पाहिले, मग अंगठ्याने तो डोळा, ती खवले, ती तीन पाती हळूच चाचपली. "आईची हाय रं," ती म्हणाली, आणि लहानपणी रडू येण्याआधी तिचा खालचा ओठ जसा आत जायचा तसा गेला. मी भीत भीत म्हणालो, "आक्का, दाजी पंगतीत म्हणाले होते ना, टाकीला दिला डाग म्हणून..."

"म्हनले हुते," ती म्हणाली. मग, मला सांगते आहे की त्या माशाला हे कळू नये अशा आवाजात, ती बोलू लागली. "पंगतीच्या आदी शालनला इचारलं हुतं मी. म्हनलं, माझा डाग बघितलास का गं? तर ती हसली. म्हनली, भावजींनी डाग दिला की सकाळीच." आक्काने चष्मा काढून हातात घेतला. "मला वाटलं, तिला दिला."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. मासोळीच्या चोरीची म्हणून आम्ही जी भिंत इतकी वर्षे पाहत होतो ती चोरीची नव्हतीच. धाकट्या जावेचा नवरा परगावी, घरात तरुण शालन, आणि आपल्या आईच्या पायांतली चांदी आपल्या नवऱ्याने तिला दिली. असे मनात धरून ही बाई त्या नवऱ्याच्या ताटात दोन्ही वेळा भाकरी वाढत आली होती. त्यानंतर दाजींशी बोलताना तिने कधी मान वर केली नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या आठवले. आम्ही त्याला तिचा शालीनपणा समजत होतो. आणि पंगतीतले ते उत्तर? आम्हांला तो बहिरेपणा वाटला, तिला बहिरेपणाचे सोंग वाटले. खरे मानावे असे कोणाच्याच मनात आले नाही.

"एकदा उघड विचारायचं तरी," मी म्हणालो.

"काय इचारू?" आक्का म्हणाली. "आनि व्हय म्हनले असते तर?"

ती उठली, घागर घ्यावी तशी ती टाकी तिने कडेवर घेतली, आणि मी काही म्हणायच्या आत पायऱ्या उतरून चालू लागली. भिंतीला दार ठेवलेले नव्हते, त्यामुळे रस्त्यावर जाऊन वळसा घालावा लागत होता. मी पिशवी घेऊन तिच्या मागे गेलो.

शालनवहिनी म्हशीपुढे वैरण टाकत होत्या. आक्काला दारात पाहून त्यांच्या हातातली पेंढी गळून पडली. "आवं आक्का! या की, या," म्हणत त्यांनी पदराने ओटा झाडला, चटई शोधायला आत धावल्या, तशाच बाहेर आल्या. आक्काने टाकी ओट्यावर ठेवली.

"शालन, डाग घावला."

शालनवहिनी वाकल्या आणि पाहता पाहता त्यांचा चेहरा उजळला. "आगं बाई! हितं हाय व्हय अजून? आवं, मीच धरली हुती की टाकी, भावजी डाग देत हुते तवा. सांगितलं न्हवतं का मी तुमाला?"

"सांगितलं हुतंस," आक्का म्हणाली.

"भावजी लय खूश हुते त्या दिशी," शालनवहिनी सांगू लागल्या. इतक्या वर्षांचे बोलणे साठलेले, ते आता धरण फुटल्यासारखे येत होते. "मला म्हनले, बघ शालन, आमची ही तोंडानं गाडीला शिव्या देती, पर डाग द्यायला सोताहून चांदी ठिवलीया डब्यात. म्हनले, तिला बी काळजी हाय गाडीची. एक मासोळी तर पार वितळून गेली, दुसरी वितळंपतूर रॉकेल संपलं बघा स्टोचं."

आक्का चटईची वाट न पाहता ओट्याच्या कडेवर बसली. तिचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता. "मीच म्हनले हुते त्यास्नी," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "मासोळीचा येढा तुटला हुता रं. म्हनलं, मासोळीला डाग द्यायला डब्यात ठिवलीया, सोनाराकडं न्या." त्या वाक्याचे डोके आणि शेपूट दाजींच्या कानाबाहेर राहिले असणार. मधले तेवढे आत गेले. डाग द्यायला डब्यात ठिवलीया. त्यांनी तो बायकोचा लोभ समजला, आणि मरेपर्यंत त्या टाकीला मांडीत धरून ते तिच्या प्रेमावर बसल्यासारखे फिरत राहिले. तिला दारात नको असलेल्या गाडीवर.

शालनवहिनींचे हसू हळूहळू विरत गेले. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिले, एकदा आक्काकडे.

"मग आक्का," त्यांनी विचारले, "भिंत कशापायी घातली हुती?"

आक्का आयुष्यात खोटे बोललेली मला आठवत नाही. तोंडावर बोलून माणसे दुखावण्यात तिचा हात कोणी धरला नसता. तिने पदर सावरला, टाकीवरच्या माशावरून एकदा हात फिरवला.

"चांदीपायी गं," ती म्हणाली. "येवढ्याशा चांदीपायी. मला वाटलं, तू घेतलीस."

खरे सांगितले असते तर तिचा भार उतरला असता आणि शालनवहिनींच्या डोक्यावर चढला असता. त्याऐवजी तिने हलक्या मनाची, चिमूटभर चांदीसाठी घर तोडणारी बाई होणे पत्करले. शालनवहिनी आत गेल्या आणि तांब्या भरून पाणी घेऊन आल्या.

पाणी प्यायल्यावर आक्का मला म्हणाली, "डाग देऊन टाक."

"मासा वितळेल, आक्का. आईची म्हणून तेवढीच खूण आहे."

"वितळू दे. त्यांनी निम्माच ठिवलाय."

मी टाकीत पाणी भरले, खार लावला, बर्नर पेटवला. शालनवहिनींनी ओल्या पोत्याचे दोन तुकडे घेऊन टाकी दोन्ही बाजूंनी धरली, न सांगता, नेमकी जिथे धरायला हवी तिथे. पत्रा लालसर झाला. खार नितळ होताच तो डोळा पुन्हा एकदा वर आला, आणि या वेळी मी ज्योत काढली नाही. आधी शेपटीची तीन पाती एकमेकांत मिसळली, मग खवले सपाट झाली, आणि मग सगळा मासाच एकाएकी तेजाळ थेंब होऊन तड्याच्या दिशेने धावला आणि आत गेला. मी कांडी टेकवलीसुद्धा नाही. आईची चांदी पुरली.

टाकी निवल्यावर मी ती सरळ केली, भोकाला बूच लावले, आणि आतले पाणी जोडावर उभे राहू दिले. तिघेही खाली वाकून पाहत होतो. आक्काने जोडावरून बोट फिरवले आणि ते अंगठ्याला घासून पाहिले. "कोरडं हाय," ती म्हणाली.

शालनवहिनी हात पुसत होत्या. पोत्याच्या ओल्या तुकड्यांची घडी घालता घालता, कोणाकडेही न पाहता, त्या म्हणाल्या, "बरं झालं आक्का, चांदीपायीच हुतं. मला आपलं इतकी वर्सं भलतंच वाटत हुतं."

आक्काचे बोट जोडावर तसेच राहिले. मी बर्नर केव्हाच बंद केला होता, तरी त्याची चावी पुन्हा चाचपून पाहिली. शालनवहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि आतून त्यांनी विचारले, आक्का अजून बिनसाखरेचाच घेतात का. आक्का "व्हय" म्हणाली. भिंतीपलीकडे तिच्या ओट्यावर तुरीच्या शेंगांचे सूप उघडेच पडले होते, त्यावर चिमण्या उतरल्याचा आवाज येत होता, आणि तिकडे जायला कोणी उठत नव्हते. त्या दोघींपैकी कोणाला किती ठाऊक होते आणि कोणी कोणासाठी काय झाकले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. टाकी मात्र गळत नाही.